मोटारीतल्या रेडिओची खरखर



आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत तो दिसायला किरकोळ आहे. जीप, टेम्पो, शाळेची गाडी किंवा ट्रॅक्टर यांत बसवलेला रेडिओ खरखरतो, शीळ घालतो, टकटक करतो. तो असे का करतो आणि त्यावर आपल्याला काय करता येईल, एवढाच हा विषय. जिंतूरहून परभणीकडे किंवा गंगाखेडहून पालमकडे निघालेल्या गाडीत हा आवाज आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. इंजिन बंद असते तोवर गाणे स्वच्छ लागते. चालकाने सेल्फ मारला, की बासरीच्या जोडीला कुठूनसे एक चिलट गुणगुणू लागते. मग मागून कोणीतरी म्हणतो, "दादा, बंद करा हो ते, कान किटले."

दादा रेडिओ बंद करतात, किंवा नवा सेट घेऊन येतात. पुष्कळदा नवा सेटही तस्सेच गुणगुणतो. कारण दोष सेटमध्ये नसतोच. तो गाडीच्या तारांत असतो. आणि तारांमधला दोष केवळ कानाला त्रास देऊन थांबत नाही. जो सांधा ढिला आहे तो तापतो, तापलेली तार वितळते, आणि फ्यूज नसलेली तार प्रसंगी गाडी पेटवते. तेव्हा ही खरखर म्हणजे गाडीने आपल्याला दिलेली वर्दी आहे असे समजा. ती दाबून टाकू नये; ती कुठून आली ते आधी पाहावे.

खरखर दोन वाटांनी येते. एक वाऱ्याने, म्हणजे एरियलमधून. दुसरी तारेने, म्हणजे बॅटरीच्या वायरीतून. कालव्याचे पाणी गढूळ आले, तर ते वरूनच गढूळ आले की आपल्या पाटात माती ढासळली, हे आपण आधी बघतो ना? तसेच इथेही करायचे.

वाऱ्याने येणारी खरखर समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. १८८७-८८ साली जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी प्रयोगशाळेत विजेची ठिणगी पाडली आणि तिच्यापासून निघालेल्या लहरी दूरवर ठेवलेल्या तारेच्या कड्यात पकडून दाखवल्या. पुढे १८९५ साली आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. आता पेट्रोलच्या इंजिनात काय असते? प्लग. तिथे हजारो व्होल्टची ठिणगी मिनिटाला शेकडो वेळा पडते. म्हणजे प्रत्येक पेट्रोल गाडी हर्ट्झसाहेबांचे एक चालतेफिरते यंत्रच झाली. १९३० साली अमेरिकेत शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने 'मोटोरोला' नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. या ठिणग्यांना आवर घालणे हे तेव्हाच्या मोटार-रेडिओ बनवणाऱ्यांपुढचे एक मोठे काम होते.

परभणीची १३०५ किलोहर्ट्झची मध्यम लहर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हेही ठाऊक असेल की मध्यम लहरीवर खरखर जास्त आणि एफ.एम.वर कमी. मध्यम लहरीत बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. ठिणगीही त्या उंचीतच भर घालते. त्यामुळे निवेदक कोणता आणि ठिणगी कोणती, हे बिचाऱ्या सेटला कळत नाही. एफ.एम.मध्ये उंची तशीच ठेवून लहरींची वारंवारता बदलतात, आणि उंचीतला फरक सेट छाटून टाकतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाला १९३३ साली या पद्धतीची पेटंटे मिळाली. खरखर घालवणे हाच त्यांच्या खटपटीचा हेतू होता.

आता तपासणीकडे वळू. हत्यारे फार लागत नाहीत. कान, कागद-पेन्सिल आणि जमल्यास एक मीटर, एवढे पुरे.

पहिली परीक्षा. इंजिन बंद ठेवून रेडिओ लावा. तरीही खरखर आहे? मग इंजिनाचा दोष नाही. गाडीत लावलेला मोबाइलचा चार्जर काढा, पंखा बंद करा, नंतर बसवलेले एल.ई.डी. दिवे बंद करा. हे एकेक करून करा, सगळे एकदम नको. नाहीतर चोर कोण ते कळणार नाही. स्वस्तातले चार्जर आणि दिवे आत वीज झपाट्याने चालू-बंद करतात आणि मध्यम लहर खराब करतात. चार्जर काढताच आवाज गेला, तर उपाय तिथेच झाला.

दुसरी परीक्षा. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला. इंजिन चालू करा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. शिट्टीसारखा आवाज इंजिनाबरोबर चढत असेल, तर तो ऑल्टरनेटरचा. पुष्कळ लोक त्याला अजून डायनामोच म्हणतात. ऑल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. डायोड तिला एका दिशेने वाहायला लावतात, पण थोडी लाट उरतेच. तीच लाट शिट्टी होऊन ऐकू येते. पण शिट्टीऐवजी टकटक असेल आणि तीही इंजिनाबरोबर जलद होत असेल, तर ती प्लगची ठिणगी. मात्र ध्यानात ठेवा: डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. म्हणून डिझेलच्या ट्रॅक्टरवर टकटक आली, तर इंडिकेटर, पंप किंवा एखादी ढिली वायर शोधा.

तिसरी परीक्षा. सेटच्या मागची एरियलची पिन ओढून काढा. आवाज गेला तर तो वाऱ्याने येत होता. राहिला तर तो तारेने येतो आहे.

चौथी परीक्षा. आवाजाचे बटण पूर्ण कमी करा. गाण्याबरोबर शिट्टीही कमी झाली, तर ती सेटमध्ये बटणाच्या आधी शिरते आहे. गाणे थांबले आणि शिट्टी तशीच राहिली, तर ती बटणाच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वायरीत किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये शिरते आहे.

या चार परीक्षांची उत्तरे कागदावर लिहा आणि मगच पाना हातात घ्या.

दुरुस्तीची सुरुवात नेहमी अर्थिंगपासून करावी. गाडीत बॅटरीची ऋण बाजू लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते आणि वीज सांगाड्यातून परत येते. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगावरच स्क्रू आवळला, तर तिथे लोखंडाला लोखंड लागतच नाही. रंग खरवडा, गंज काढा, घट्ट आवळा, वरून थोडे ग्रीस लावा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वायर काढताना आधी ऋण आणि लावताना ऋण शेवटी, हा नियम मोडू नका.

मीटर असेल तर इंजिन आणि दिवे चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे सेटच्या पत्र्यावर टेका. आकडा एक-दशांश व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. सेट एकीकडे आणि ॲम्प्लिफायर दुसरीकडे अर्थ केला असेल, तर त्या दोन जागांमधला हा थोडासा फरकच सेटला गाणे वाटतो! दोघांचे अर्थिंग एकाच स्वच्छ जागी करून पाहा.

त्यानंतर वायरी. ॲम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवरून घ्यावी, तिला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज असावा, आणि गाण्याच्या बारीक वायरी गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा मनुष्य आग घरात बोलावतो, हे विसरू नका. ठिणगीची टकटक असेल, तर प्लगच्या वायरी रोधक असलेल्या आहेत का ते मेकॅनिककडून पाहून घ्या. हे सारे करूनही शिट्टी राहिली, तर ऑल्टरनेटरचे डायोड तपासून घ्यावेत. फिल्टर बसवायचा तो सर्वांत शेवटी. आधी फिल्टर लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

काही खरखर गाडीची नसतेच. मृगाच्या सुमारास दूर वीज चमकली, की मध्यम लहरीवर कडकडाट होतो. त्याला इलाज नाही. रोज एकाच खांबाजवळ खरखर होत असेल, तर त्या खांबावरचा चिनी मातीचा कप फुटला असेल किंवा तार ढिली असेल. खांबाला हात लावू नका. त्याचा क्रमांक टिपून महावितरणच्या कार्यालयात कळवा. पावसाळ्यात त्या खांबाखाली एखादे जनावर किंवा माणूस सापडण्याचा धोका त्यामुळे टळू शकेल.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग. लहान ट्रान्झिस्टर मध्यम लहरीवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. दीड व्होल्टच्या सेलच्या एका टोकाला कानस टेकवा, दुसऱ्या टोकाला वायर धरा आणि त्या वायरीचे मोकळे टोक कानशीवर क्षणभर घासा. ट्रान्झिस्टर खरखरेल. तो दूर न्या, खरखर मंदावेल. तो एफ.एम.वर लावा, फरक ऐका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा; मध्यम लहरीचे स्टेशनही जवळजवळ नाहीसे होईल. लहरी म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा यातून लवकर उमगेल. हाच ट्रान्झिस्टर हातात धरून चालू गाडीभोवती फिरा; जिथे खरखर सर्वांत मोठी, तिथे दोषाचे घर. फक्त फिरत्या पट्ट्यापासून हात आणि पदर दूर ठेवा.

पेरणीच्या दिवसांत हवामानाचा अंदाज किंवा कृषी विद्यापीठाचा सल्ला ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या ऐकता येणे, ही मोठी सोय आहे. खरखरीमुळे पावसाचा दिवस चुकीचा ऐकू आला, तर बियाणे वाया जाऊ शकते. या रविवारी तासभर काढा, बॅटरीची टर्मिनले आणि अर्थिंगचे स्क्रू तेवढे पाहा. बहुतेकांना पुढच्या पायऱ्यांची गरजच पडणार नाही.