जुनी रॅम-पट्टी कशी ओळखावी?



आपल्या जालना जिल्ह्यात जुन्या संगणकावर शिकणारी मुले पुष्कळ. त्यात भंगारातली रॅम-पट्टी बसविण्यापूर्वी तिची खाच पाहा. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोहोंच्या मोठ्या पट्ट्यांना पिना २४०च. म्हणून नुसती मोजदाद फसवते. खाचेची जागा मात्र मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. पट्टी जाईल आणि मदरबोर्डही जाईल.

चिठ्ठीवर पीसी२-६४०० असेल तर ती डीडीआर-२, पीसी३-१२८०० असेल तर डीडीआर-३. आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर ती सर्व्हरची पट्टी. तिची खाच जुळते, पण घरच्या साध्या संगणकात ती चालत नाही. स्वस्त मिळते म्हणून नेमकी हीच पुष्कळांच्या गळ्यात पडते.