"कंपनीत आहे" म्हणजे कुठे?



श्रीवर्धन-म्हसळ्याच्या गावांत मी काम करते. इथल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष आखातात असतो. नवरा काय करतो विचारलं, की बायका सांगतात, "कंपनीत आहे."

एका ताईंचा नवरा असाच 'कुवेतच्या कंपनीत' होता. प्रत्यक्षात तो अमेरिकी लष्करी तळावरच्या भटारखान्यात राबत होता. बारा तासांची पाळी, पत्र्याच्या खोलीत आठजण, पासपोर्ट ठेकेदाराकडे. उकळतं तेल सांडून हात भाजला आणि तो घरी परतला, तेव्हा ताईंना हे सारं कळलं.

२००४ साली इराकमध्ये १२ नेपाळी कामगार मारले गेले. त्यांना जॉर्डनमधलं काम सांगून नेलं होतं. म्हणजे हा अंधार एकट्या ताईंच्या घरातला नाही.

अमेरिकेत १९४१ पासून 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' आहे. परदेशातल्या तळावरच्या कामगाराचा विमा ठेकेदाराने उतरवायचाच असतो, मग कामगार कुठल्याही देशाचा असो. जखमीला उपचार आणि भरपाई, मृत्यू झाल्यास बायको-मुलांना पैसे. दावा मात्र साधारण वर्षाच्या आत करावा लागतो.

पण दावा कुणावर? ताईंकडे कराराचा कागद नव्हता. एजंट फोन उचलेना. आम्ही दोघी नुसत्या खेपा घालत राहिलो.

म्हणून सांगते, नवरा विमानात बसण्याआधी करार आणि पासपोर्टची झेरॉक्स आपल्या पेटीत ठेवा. ठेकेदाराचं नाव विचारून घ्या. हे विचारणं म्हणजे संशय नव्हे, आपला हक्क आहे.