रविवारची तयारी शनिवारी



महोत्सवाच्या वर्षी गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडण्याची रीत आहे. पण वर्षे आठवड्यांची होतात आणि आठवड्याची घडी रविवारी बसते. म्हणून आज आम्ही रविवाराविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

हा सुट्टीचा वार आपणांस आयता लाभलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी मजुरांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून त्यांना संघटित केले, अर्ज केले, सभा भरविल्या; तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या मे महिन्यात, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीच्या आपल्या पत्रकात विश्रांतीच्या दिवसाचा कैवार घेतला. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे, हे दोघांनीही ओळखले होते.

परंतु सुट्टी मिळणे वेगळे आणि रविवार पाळणे वेगळे. आज आपल्या कर्वेनगरातील पुष्कळ घरांत काय दिसते? मिस्साहून परतताच कपड्यांचा ढीग, इस्त्री, भाजी निवडणे, डब्यांची जुळवाजुळव सुरू होते. पुढल्या आठवड्याची तयारी म्हणून हे सारे केले जाते, आणि बहुधा ते घरातील गृहिणीच्याच माथी येते. इतरांचा रविवार व्हावा म्हणून तिचा रविवार जातो. ज्या धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपल्या वस्तीस आहे, ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून हिंगण्यास चालत जात. १९०० साली तेथे एका झोपडीत आणलेल्या आश्रमातील विधवांना स्वतःचे आयुष्य मिळावे म्हणून. त्यांच्या नावाच्या वस्तीत स्त्रीस आठवड्यातील एक दिवसही स्वतःचा नसावा, हे शोभत नाही.

मग तयारी करावयाचीच नाही की काय? अवश्य करावी, पण कोणती केव्हा, हे पाहावे. अरण्यात इस्राएल लोकांस मान्ना मिळे, तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट वेचून ठेवावा लागे. सातव्या दिवशी कोणी वेचावयास जाऊ नये, असा नियम होता. हातांची तयारी आदल्या दिवशी! तेव्हा बाजारहाट, धुणे, इस्त्री शनिवारी संध्याकाळी उरकावी, आणि त्यात बापाने व मुलांनी हात लावावा.

रविवारास मनाची तयारी शोभते. आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली : जेवणानंतर पाव तास सर्वांनी एकत्र बसावे. कोणाची परीक्षा आहे, कोणास दवाखान्यात न्यावयाचे आहे, कोणते पैसे भरावयाचे आहेत, हे उघड बोलावे आणि कामे वाटून घ्यावीत. दुसरी : गेल्या आठवड्यात ज्याच्याशी बिनसले असेल, त्याच्याशी सोमवार उजाडण्यापूर्वी बोलावे. मनात अढी ठेवून आरंभिलेला आठवडा पहिल्याच दिवशी जड होतो. तिसरी : ज्यांस रविवार नाही, त्यांची आठवण ठेवावी. आपल्या इमारतीचा रखवालदार, घरकामास येणारी बाई यांस हक्काची सुट्टी आहे काय? नसल्यास ती देणे आपल्या हाती आहे.

कोणी म्हणेल, प्रभूने तर उद्याची चिंता करू नये असे शिकविले. खरे आहे, पण चिंता निराळी आणि तजवीज निराळी. चिंता एकटा माणूस रात्री अंथरुणात करतो. तजवीज घरची माणसे दिवसाउजेडी एकत्र बसून करतात. तजवीज झाली म्हणजे चिंतेस बरीचशी जागा उरत नाही.

ख्रिस्तसभेने पुनरुत्थानाचा वार पाळला, तो आठवड्याचा पहिला वार होय. थकलेल्या आठवड्याची शेपटी म्हणून नव्हे, तर नव्या आठवड्याचा उंबरठा म्हणून तो आपल्या घरांत पाळला जावो, आणि त्या उंबरठ्यावर घरातील प्रत्येकास क्षणभर बसावयास मिळो, हीच आमची प्रार्थना.