न सोडलेला बाण

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. मी राहतो त्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मात्र परवाना काढून धनुष्यबाणाने ती करता येते.

यंदा ऑफिसातल्या एका नवशिक्या पोराला शिकवलं. उन्हाळाभर वीस यार्डांवरून सराव. नियम एकच: हरीण आडवं उभं असेल, तरच खांद्यामागे, फुप्फुसांवर नेम.

ऑक्टोबरात झाडावर मचाणात पट्टे बांधून बसलो. नर आला, पण तोंड आमच्याकडे. पोराने धनुष्य ताणलेलं, हात थरथरतायत... आणि बाण न सोडताच त्याने दोरी हळूहळू सैल केली.

"दादा, चुकलं का?"

"नाही रे. जखमी होऊन पळालं असतं, रात्रभर तडफडलं असतं."

सीझन जानेवारीपर्यंत आहे. भेटू!