वाक्यातला कर्ता कोण?

मी फौजेतला माणूस, शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. निवृत्तीनंतर बेंगळुरूला आलो आणि आमच्या अपार्टमेंटमधल्या तिसरी ते पाचवीच्या नऊ मुलांना दर रविवारी मराठी शिकवू लागलो. शुद्धलेखन, उतारे, प्रश्नोत्तरे. दोन महिन्यांत चारच उरली. चूक माझी, मी कवायत घेत होतो.

मग एका रविवारी त्यांना जुन्या पेठांत नेलं. कानडी पाट्या त्यांनी वाचायच्या, अर्थ मराठीत सांगायचा. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेटे. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेटे. कुंभारपेटे तर सांगावंच लागलं नाही. एकीने विचारलं, "मग पुण्याच्या शनिवार पेठेत काय विकायचे?"

घरी आल्यावर गस्तीचा अहवाल लिहायला लावला. पाहिलेलं आधी, ऐकलेलं वेगळं, अंदाज शेवटी. फौजेत या तिन्हींची सरमिसळ झाली तर माणसं जातात.

पुढच्या रविवारी मी फळ्यावर लिहिलं, '१६३८ साली शहाजीराजांनी बेंगळुरू जिंकले.' चौथीतला एक मुलगा म्हणाला, "आजोबा, कुणाकडून?" शाळेत तो शिकला होता, शहर १५३७ साली केंपेगौडांनी वसवलं. माझ्या वाक्यात ते नव्हते. मोहीम आदिलशाहीची, सेनापती रणदुल्लाखान; तेही नव्हते. एका वाक्यात इतकी माणसं गाळली होती, आणि तीही अभिमानाने.

मग तीच घटना तीन कर्ते घेऊन लिहिली. आदिलशाही फौजेने बेंगळुरू घेतले. केंपेगौडांचे वंशज मागडीला गेले. शहाजीराजांनी जहागिरीचा कारभार पाहिला. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, हे मुलांनी त्या दिवशी व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय पाहिलं.

एका वडिलांना हे रुचलं नाही. "राजांना कमी का लेखता?" म्हणाले. मी त्यांना जयराम पिंड्यांबद्दल सांगितलं. शहाजीराजांच्या दरबारातला हा कवी. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांतली कवनं आहेत. ज्या दरबारात इतक्या भाषा नांदल्या, त्याची गोष्ट आपल्या मुलाने दोन्ही बाजूंनी सांगितली तर राजे कमी होतात का? ते गप्प राहिले. पुढच्या रविवारी त्यांचा मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला.

वहीत त्याने चौथं वाक्य लिहून आणलं होतं, 'दुसऱ्या दिवशी अक्कीपेटेतल्या दुकानदाराने दुकान उघडले नाही.'

मी विचारलं, "हे पाहिलेलं, ऐकलेलं की अंदाज?"

"अंदाज," तो म्हणाला, आणि वाक्य खाली शेवटच्या रकान्यात उतरवून घेतलं.