माहितीच्या गडाचे दरवाजे



बँकेतली शिल्लक, शेताचा सातबारा, इस्पितळातले कागद हे सारे आता कुठेतरी ढगात असते, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. नावाचाच हा घोटाळा! वस्तुतः ते ऐरोली-महाप्यासारख्या ठिकाणी, बिनखिडक्यांच्या एखाद्या इमारतीत, लोखंडी मांडणीवरच्या यंत्रांत असते. इमारत आली की दरवाजा आला, आणि दरवाजा आला की चोर आला. शिकागो शहरी २००७ साली दरोडेखोरांनी अशाच एका डेटा सेंटरची भिंत करवतीने कापली आणि यंत्रे उचलून नेली.

परंतु भिंत कापणारा चोर विरळा. नेहमीचा चोर दोन्ही हातांत खोकी घेऊन येतो, आणि आपलाच एखादा सभ्य कारकून त्याच्यासाठी दार धरून उभा राहतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपविलेला आहे. शत्रूला सरळ धाव घेताच येऊ नये. डेटा सेंटरात तेच काम एका लहानशा खोलीवर सोपवितात. तिला दोन दारे. पहिले मिटल्यावाचून दुसरे उघडत नाही, आणि एका वेळी एकच माणूस आत. ओळखपत्र हवे, शिवाय बोटाचा ठसाही हवा.

एवढे झाले तरी आम्हांस खरी काळजी वाटते ती पहारेकऱ्याची. लाखो रुपयांचे कॅमेरे बसवितात आणि त्यांपुढे कंत्राटावरचा तुटपुंज्या पगाराचा माणूस बसवितात. ओळखपत्र विसरून आलेल्या संचालकसाहेबांना त्याने अडविले, तर उद्या त्याची नोकरी राहील काय? 'अडवावे' असा लेखी हुकूम त्याच्या हाती असावा, आणि त्यावर सही साहेबांचीच असावी. नवीन कॅमेऱ्यांच्या आधी आम्ही हे करू.

आता उलट बाजू पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे सुमारे सहा तास बंद पडले. दुरुस्तीस धावलेल्या अभियंत्यांना स्वतःच्याच केंद्रात शिरून यंत्रांना हात घालावयास वेळ लागला, कारण बंदोबस्त कडेकोट! 'आज्ञापत्रा'त गडाला एकच दरवाजा असणे हा दोष मानला आहे, तो उगीच नव्हे. म्हणून एक साधी लोखंडी किल्ली मोहोरबंद ठेवावी, ती दोघांसमक्षच काढावी, आणि तिने दार उघडते की नाही हे वर्षातून एकदा पाहावे.

आगीला मात्र ओळखपत्र लागत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी केंद्रात लिथियमच्या बॅटऱ्या हलविताना आग लागली. सहाशेंहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. नोकरवर्गाच्या फायलींचे एक भांडार तर कायमचे जळाले, कारण त्याची दुसरी प्रत बाहेर कोठेच नव्हती. बॅटऱ्यांना वेगळी खोली, प्रतीला वेगळे गाव. आणि मुंबईच्या आसपास केंद्र काढणाऱ्याने जनित्र तळघरात ठेवू नये. २६ जुलै २००५ चा सांताक्रुझचा ९४४ मिलिमीटर पाऊस येथे कोण विसरला आहे?

राहता राहिल्या निकामी तबकड्या. त्या भंगारात जातात, आणि आतली माहिती पुष्कळदा जशीच्या तशी शाबूत असते. त्यांचा चुरा आवारातच करावा, क्रमांक वहीत लिहावा, आणि चुरा होईतो दोघांनी तेथे उभे राहावे.