मासा बाटलीत नको, फोटोत हवा

आज बोलायचं आहे बोटभर माशांच्या फोटोंबद्दल. तुम्ही म्हणाल, बचतगटाच्या कार्यक्रमात हे काय नवीन? पण आमच्या गटाच्या कामात या फोटोंनी मोठा फरक पडला, म्हणून सांगतोय.

मालवणच्या किनाऱ्याला ओहोटी लागली की खडप उघडं पडतं. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं आणि त्यात लहान लहान मासे असतात. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेली पिल्लं असतात, दगडाच्याच रंगाचे, बिळातून डोकं काढणारे मासे असतात. आम्ही पाहुण्यांना हे दाखवायला नेतो. सुरुवातीला पाहुण्यांना मासा दिसायचाच नाही. मग आम्ही तो पकडून पाण्याच्या बाटलीत घालून दाखवायचो. एकदा उन्हात बाटलीतलं पाणी तापलं आणि मासा उलटा झाला. एका लहान मुलीने विचारलं, "मावशी, तो मेला का?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी घरी जाताना ठरवलं की बाटली बंद. माशाचे चांगले फोटो काढायचे, ते आधी दाखवायचे आणि मग पाहुण्यांनी तोच मासा पाण्यात शोधायचा.

आमचे पहिले फोटो मात्र फुकट गेले. वर उभं राहून काढलेले! तपकिरी दगडावर तपकिरी पाठ, त्यावर आभाळाची चमक. मासा कुठे आहे ते आमचं आम्हालाच सापडेना. मग एकीने मासा बाहेर यावा म्हणून दगड उचलले. तेव्हा गटातल्या काकी ओरडल्या. त्यांचा जन्म कालवं काढण्यात गेला. म्हणाल्या, "मासो शोधू नको गो, तेचा घर शोध!" हे एक वाक्य आम्हाला पुरलं.

बरेच छोटे मासे दगडाच्या पोटाला अंडी चिकटवतात आणि नर तिथेच राखण करतो. दगड उलटला की अंडी उन्हात पडतात. नराला हुसकावलं की दुसरे मासे अंडी खातात. म्हणून दगड उचलायचा नाही, माशामागे धावायचं नाही. बिळाच्या तोंडाशी फोन धरायचा आणि थांबायचं. दहा मिनिटं हललं नाही की मासा आपणहून परत घरात येतो आणि तोंड बाहेर काढून बघतो. फोटो तेव्हा काढायचा.

आता फोटो कसा मांडायचा ते सांगतो. आम्ही चार गोष्टी पाळतो.

पहिली गोष्ट, माशाच्या उंचीला जायचं. पिशवीतला फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची काच खाली, तळाजवळ जाते. तिथून किंचित वर रोखा. मग माशाची पाठ नाही, चेहरा दिसतो.

दुसरी, मागे काय आहे ते बघा. मासा दगडाच्या रंगाचा असेल तर मागे दगड नको. फोन वीतभर इकडेतिकडे सरकवला की मागे वाळू येते नाहीतर मोकळं पाणी येतं, आणि तोच मासा उठून दिसतो.

तिसरी, जवळ जायचं, पण हळूहळू. बोटांनी चित्र मोठं करू नका. मासा आणि फोन यांच्यात जितकं पाणी जास्त, तितका फोटो पुसट. फ्लॅशही नको, त्याने पाण्यातला गाळच चमकतो. आणि आपली सावली डबक्यावर पडू देऊ नका, सावली दिसली की मासा पळतो.

चौथी, डोळा स्पष्ट हवा आणि मासा ज्या दिशेला बघतो तिकडे जागा मोकळी हवी. नाक अगदी कडेला टेकलं तर मासा भिंतीवर आपटल्यासारखा वाटतो. थोडं त्याचं बीळही फोटोत येऊ द्या. पाहुण्यांना मासा कुठे शोधायचा हे त्यावरूनच कळतं.

फोनची काळजीही सांगते. पाणी न शिरणारी पिशवी आधी रिकामी, आत कोरडा कागद घालून बादलीत बुडवा. कागद ओला झाला तर त्या पिशवीत फोन घालू नका. पाण्याखाली पडद्यावर बोट चालत नाही, म्हणून आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो काढा. काचेपुढे बुडबुडा राहिला तर बोटाने पुसा. फोटो भरपूर काढा, निवड घरी सावलीत बसून करा.

वेळ कशी काढायची? आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. सकाळी नऊला ऊन चांगलं असतं आणि ते तिरपं असतं, म्हणून चतुर्थी-पंचमी आम्हाला सोयीची. हा हिशोब अंदाजाचा आहे, मिनिटांचा नाही. एकटीने जाऊ नका, लाटेकडे पाठ करू नका आणि पाणी वळलं की फोटोचा मोह सोडून निघा.

ज्या मैत्रिणींकडे समुद्र नाही, पण गटाने शोभेचे मासे पाळलेत, त्यांनाही हेच उपयोगी. टाकीची काच पुसा, फोन काचेला टेकवा, माशाच्या उंचीला आणा, मागे साधा गडद कागद लावा. गिऱ्हाईकाला मासा नीट दिसला तर ते विचारायला येतं.

आता आमच्याकडे फोटोंचा एक फलक आहे. पाहुणे तो बघतात, मग डबक्याशी उकिडवे बसून गप्प राहतात. मासा दिसला की स्वतःच हळू आवाजात दुसऱ्याला दाखवतात. त्यातली मुलं परत जाताना विचारतात, "उद्या पण असेल ना तो इथेच?" आता आम्ही हो म्हणू शकतो.

येत्या चतुर्थीला तुमच्या जवळच्या डबक्याशी दहा मिनिटं बसून बघा. फोन नसला तरी चालेल.